बारला जमले, स्वयंपाकघराला निम्मेच: लोअर परळमधील एका एशियन फ्यूजन रेस्टॉरंटचा परामर्श

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत जी महागडी एशियन फ्यूजन रेस्टॉरंट्स उघडली आहेत, त्यांपैकी एका ठिकाणी मी आणि माझा नवरा एका शुक्रवारी रात्री जेवून आलो. मुलगी आजीकडे होती, दोघांनाही दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि खर्चाकडे एक संध्याकाळ काणाडोळा करायचा असे ठरवूनच आम्ही निघालो होतो. रेस्टॉरंटचे नाव येथे देत नाही, कारण एकाच जेवणातील उणिवा कोणाच्या पाटीवर कायमच्या डकवून ठेवणे मला पटत नाही. शिवाय तेथे जे जमले आणि जे फसले ते दोन्ही या धाटणीच्या बहुतेक ठिकाणी कमीअधिक प्रमाणात भेटतेच. माझे मत आधीच सांगून टाकते: बारमागच्या मंडळींना दोन प्रदेशांच्या चवी एकत्र कशा आणाव्यात हे उत्तम कळले आहे, तर स्वयंपाकघराला ते निम्म्या पदार्थांपुरतेच कळले आहे.

मुंबईकराने अशा जेवणाकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही, कारण या प्रकारचे मिश्रण या शहराला नवीन नाही. शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून चिकन मंचुरियन केले, तेव्हापासून गल्लीतल्या गाडीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत आपण तेच खात आलो आहोत. जगात इतरत्रही असे स्वयंपाक घडले ते हौसेपेक्षा गरजेतून. १८९९ साली जपानी मजुरांचे पहिले जहाज पेरूला पोहोचले, त्या लोकांनी हाताशी असलेले मासे, लिंबू आणि मिरची आपल्या पद्धतीने वापरली, आणि ज्याला आज निक्केई म्हणतात तो स्वयंपाक त्यातून उभा राहिला. पिठात बुडवून तळलेला जपानचा टेम्पुराही सोळाव्या शतकात तेथे गेलेल्या पोर्तुगिजांची देणगी मानला जातो. अशा स्वयंपाकात एका जिन्नसाच्या जागी दुसरा येतो तो त्याचे काम करू शकतो म्हणून. नुसता दिसायला वेगळा म्हणून नव्हे. मी त्या रात्रीचा प्रत्येक पदार्थ याच कसोटीवर पाहिला.

प्रथम जागेविषयी. गिरणीचे उंच छत, लोखंडी तुळया आणि विटांच्या भिंती तशाच ठेवून आत काळे लाकूड, वेताचे पडदे आणि पितळी दिवे बसवले आहेत, आणि ते सारे फार देखणे दिसते. या परिसरात २०१७च्या डिसेंबरात रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत १४ माणसे गेली, त्यामुळे आत शिरल्यावर आधी बाहेर पडायचे दुसरे दार शोधायची सवय मला लागली आहे. ते दार येथे सहज दिसेल असे होते आणि त्याच्यासमोर खुर्च्या रचलेल्या नव्हत्या. उजेड मात्र इतका बेताचा आहे की समोरच्याचा चेहरा सुंदर दिसतो आणि मेन्यू दिसत नाही. त्यातून मेन्यू हवा असेल तर टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, म्हणजे दोघे मिळून एकमेकांकडे पाहायला आलेली माणसे पहिली दहा मिनिटे आपापल्या फोनमध्ये. आम्ही छापील कार्ड मागितल्यावर ते लगेच मिळाले, तेव्हा ते आधीच का ठेवत नाहीत हा प्रश्न उरतोच.

दोघांसाठीची टेबले जेमतेम दोन फूट रुंद आहेत आणि शेजारच्या टेबलापासून इतक्या अंतरावर आहेत की तेथील जोडप्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता आम्हाला तोंडपाठ झाला. साडेनऊनंतर संगीताचा आवाज वाढवला गेला आणि त्यानंतर नवऱ्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागले. सुदैवाने टेबल तयार नसल्यामुळे सुरुवातीचा पाऊण तास आम्हाला बारच्या काउंटरवर बसवले होते, आणि संपूर्ण संध्याकाळीतील सर्वांत चांगला वेळ तोच ठरला. तेथे दोघे शेजारी शेजारी बसतात, एकमेकांच्या कानाशी बोलता येते, बोलणे थांबले तर पाहायला समोर काम चाललेले असते, आणि स्पीकर पाठीमागे दूर राहतो. दोघेच जाणार असाल तर टेबलाचा आग्रह न धरता साडेसातच्या सुमाराला काउंटरच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मागून घ्याव्यात.

बारविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण पैसे वसूल झाले ते येथेच. मी पहिल्यांदा सिंगापूर स्लिंग मागवले. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये न्याम टोंग बून या बारटेंडरने ते १९१५च्या सुमाराला केले असे मानतात. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून फळांच्या रसासारखे दिसणारे गुलाबी पेय त्याने तयार केले अशी कथाही ते हॉटेल सांगते. जिन, अननसाचा रस, लिंबू, चेरीचे लिकर आणि डाळिंबाचे गोड सरबत, ज्याला ग्रेनेडाइन म्हणतात, अशी त्याची साधारण घडण असते, आणि बहुतेक ठिकाणी ते खोकल्याच्या औषधाइतके गोड मिळते. या बारने ग्रेनेडाइन काढून त्याऐवजी कोकमाचे आगळ घातले आहे. साखरेत मुरलेले अमृतकोकम नव्हे, तर मीठ घातलेले, घट्ट, जांभळट लाल आगळ. रंग तोच आला, आंबटपणा अननसाला टोक देऊन गेला, आणि आगळातल्या मिठामुळे जिनचा कडवटपणा मवाळ झाला. मी वेंगुर्ल्याची असल्यामुळे कोकमाच्या बाबतीत पक्षपाती आहे हे मान्य, परंतु ज्याने कधी सोलकढी प्यायलेली नाही अशा माणसालाही हा ग्लास आवडेल.

नवऱ्याने घेतलेला क्लॅरिफाइड मिल्क पंच हा त्याहून कसबी प्रकार होता. पंच हे पेयच मुळात सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांबरोबर हिंदुस्थानातून इंग्लंडला गेले असे मानले जाते, आणि त्यात दूध फाडून ते नितळ करण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी पाककृतींत सापडते. येथे रम, काळा चहा, गवती चहा, लिंबू आणि पांदान, म्हणजे भाताला बासमतीसारखा वास यावा म्हणून आपल्याकडेही कित्येक परसांत लावतात ते पान, असे सारे एकत्र करून दुधात ओततात. लिंबाने दूध फाटते, चोथा बनताना तो चहाचा तुरटपणा आणि रंग आपल्याबरोबर ओढून घेतो, आणि मग ते सावकाश गाळले की पाण्यासारखे स्वच्छ, किंचित सोनेरी पेय उरते. त्यात निवळीतली प्रथिने राहतात, म्हणून जिभेवर ते रेशमासारखे लागते. ‘एवढ्या खटपटीनंतर याला पाण्याचाच रंग यावा?’ असे नवरा म्हणाला खरा, परंतु ग्लास माझ्याकडे सरकवायला तयार नव्हता. एक गोष्ट मात्र कार्डावर लिहायला हवी होती. दिसायला नितळ असले तरी यात दुधाचा अंश असतो, आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांना ते नुसते पाहून कळणार नाही.

हायबॉल कसा करतात ते काउंटरवरून पाहायला मिळाले. व्हिस्की आणि सोडा एवढ्यावर ९५० रुपये घ्यायचे तर त्यात काहीतरी कौशल्य दिसले पाहिजे, आणि ते दिसले. बारटेंडरने बर्फाची लांब, काचेसारखी पारदर्शक कांडी उंच ग्लासात उभी केली, व्हिस्की ओतून ती बर्फाभोवती फिरवून गार केली, आणि मग सोडा बर्फावर न आपटता ग्लासाच्या कडेने सोडला, जेणेकरून बुडबुडे फुटून जाऊ नयेत. शेवटी चमचा तळापर्यंत नेऊन फक्त एकदाच वर उचलला. आमचे मराठी ऐकून त्याने स्वतःहूनच सांगितले, ‘मॅडम, हा बर्फ आम्ही एकाच बाजूने गोठवतो. हवा आणि गढूळपणा सगळा खालच्या टोकाला जातो, तो भाग कापून टाकतो.’ असा बर्फ सावकाश वितळतो आणि शेवटच्या घोटापर्यंत पेय पाणचट होत नाही. हे दिसायला साधे काम ज्या मनापासून चालले होते, ते पाहून आतल्या जेवणाबद्दल माझ्या अपेक्षा वाढल्या. मद्य नसलेल्या पेयांत मात्र हा हात कोठे गेला कोण जाणे. युझू या जपानी लिंबाच्या नावाने ४९५ रुपयांना आलेले सरबत नुसते गोड होते आणि युझूचा तो संत्र्यासारखा वास त्यात नाकाला शोधावा लागत होता.

आता जेवण. पहिला पदार्थ आला बोंबलाचा काराआगे, आणि त्याने स्वयंपाकघराची बाजू एकहाती सावरून धरली. काराआगे म्हणजे मुरवलेले तुकडे बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळण्याची जपानी पद्धत, आणि बोंबलासाठी ती अवघड, कारण या माशात पाणी फार. आपल्या घरांत बोंबील मधोमध चिरून, काटा काढून, पाट्याखाली किंवा एखाद्या जड वस्तूखाली दाबून ठेवतात आणि पाणी निघून गेल्यावरच तव्यावर टाकतात. येथेही नेमके तेच केलेले होते हे तुकड्याच्या सपाट, घट्ट कडांवरून कळत होते. बाहेरचे आवरण रव्याइतके खरखरीत नव्हते, पातळ काचेसारखे तडकणारे होते, आणि आत बोंबील त्याच्या स्वभावानुसार लोण्यासारखा मऊ. वर भुरभुरवलेले मीठ सिचुआन मिरी आणि तिरफळ एकत्र कुटून केलेले होते. ही दोन्ही एकाच कुळातली झाडे आहेत. दोन्हींचे बी टाकून देऊन सालच वापरतात, आणि जिभेवर ज्या मुंग्या येतात त्याही दोन्हींमुळे. तिरफळाचा वास जास्त लिंबाळ आणि रानटी, तर सिचुआन मिरीची झिणझिण जास्त टिकणारी. कोकणातली बाई बांगड्याच्या आमटीत तिरफळ टाकते ते माशाचा उग्रपणा मोडण्यासाठी, आणि येथे ते त्याच कामाला लावलेले आहे. ८९५ रुपयांत सहा तुकडे ही किंमत जास्तच आहे, तरी हा एक पदार्थ खाण्यासाठी मी परत जाईन.

यानंतर घसरण सुरू झाली. एडामामे, म्हणजे कोवळे सोयाबीन, आणि ट्रफल या महागड्या सुवासिक भूछत्राचे डिमसम आजकाल या जातीच्या प्रत्येक मेन्यूवर असतात, आणि येथेही ते होतेच. वाफवलेले पारदर्शक आवरण टोपलीतल्या कागदाला इतके चिकटले होते की चॉपस्टिकने उचलताच दोन मोदक फुटावेत तसे दोन्ही तळातून फाटले. आत हिरव्या सोयाबीनची गुळगुळीत चटणी आणि तिच्यावर ट्रफल तेलाचा दर्प. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात खऱ्या ट्रफलपेक्षा प्रयोगशाळेत बनवलेल्या सुवासाचाच भाग मोठा असतो, आणि त्याचा एक थेंब जास्त पडला तरी पुढचे सगळे जेवण त्याच वासाचे होते. कोवळ्या सोयाबीनची स्वतःची गोडसर चव असते; ती येथे झाकून टाकण्यासाठी ८२५ रुपये मोजायचे.

आंबा, अॅव्होकॅडो आणि टेम्पुराच्या चुऱ्याचा सुशी रोल नवऱ्यासाठी मागवला होता. सुशीचा भात साधारण अंगाच्या उबेइतका हवा, तरच त्यातले व्हिनेगर दरवळते आणि शिते सुटी पण मऊ राहतात. फ्रीजमध्ये ठेवलेला शिजलेला भात कडक होतो, हे शिळ्या भाताला फोडणी देणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. येथला भात तसा गार आणि कडक होता, आणि तो झाकण्यासाठी वरून तिखट मेयॉनेजच्या रेघोट्या ओढल्या होत्या. ताटलीच्या कोपऱ्यातला हिरवा गोळा वासाबी म्हणून दिला जातो, परंतु जगभर बहुतेक ठिकाणी तो हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाला रंग देऊन केलेला असतो, कारण खरे वासाबीचे कंद महाग असतात आणि किसल्यावर थोड्याच वेळात त्यांचा झणका उडून जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाताबद्दल आहे, कारण भात नीट ठेवण्याला पैसे लागत नाहीत.

मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे खारट जपानी वाटण, लावलेल्या रावसाबद्दल माझे मत दुभंगलेले आहे. मिसोत मुरवलेला ब्लॅक कॉड हा पदार्थ शेफ नोबू मात्सुहिसा यांनी जगभर पोहोचवला, आणि त्यांनी उमेदीच्या काळात पेरूची राजधानी लिमा येथे काम केलेले असल्यामुळे अशा स्वयंपाकाच्या इतिहासात त्यांचे नाव टाळता येत नाही. पण त्यातला मासा अतिशय तेलकट असतो. मिसो, मिरिन ही तांदळाची गोड दारू आणि साखर यांत दोनतीन दिवस मुरवून प्रखर आचेखाली धरला तरी तो आतून ओला राहतो. रावसात तेवढे तेल नाही. त्याला तेवढाच वेळ मुरवले तर मिसोचे मीठ त्याचे पाणी ओढून घेते, आणि येथे तसेच झाले असावे, कारण मधला भाग सुरेख पाकळ्यापाकळ्यांनी सुटत होता तर कडा दोरीसारख्या झाल्या होत्या. केळीच्या पानात बांधून भाजला असता तर हा मासा वाचला असता. पान होते, पण ते फक्त खाली अंथरायला वापरले होते. १४५० रुपयांच्या पदार्थात पानाचा उपयोग पारशी पात्रानी मच्छीवाल्यांकडून शिकून घ्यायला हरकत नव्हती.

नवरा शाकाहारी आहे, आणि पूर्व आशियाई जेवणात शाकाहारी माणसाची फसगत होण्याच्या जागा पुष्कळ. थाई करीच्या मसाल्यात वाटलेली वाळकी कोळंबी असते, भाज्यांच्या परतणीत कालवांचा ऑयस्टर सॉस जातो, जपानी रस्सा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कीसावर बनतो, आणि मेन्यूवरच्या हिरव्या ठिपक्याने हे सगळे उलगडत नाही. येथे आमच्या टेबलाची ऑर्डर घेणाऱ्या मुलीने ‘विचारून सांगते’ म्हणून आत जाऊन चौकशी केली आणि परत येऊन नेमके सांगितले की हिरव्या करीचा मसाला शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा वाटला जातो व त्यात फिश सॉसऐवजी हलका सोया सॉस असतो, पण सूप मात्र घेऊ नका. असे स्पष्ट उत्तर मला आजवर फार थोड्या ठिकाणी मिळाले आहे.

आणि ती हिरवी करी चांगली होती. ती नेहमीच्या जस्मिन तांदळाबरोबर न देता आंबेमोहोर भातात शिजवून, जवळजवळ मऊ खिचडीच्या अंगाने दिली होती. मुळशीचा आंबेमोहोर मुळात चिकट आणि सुवासिक. नारळाचे दूध तो पोटात घेतो आणि गलंगल या आल्यासारख्या कंदाचा व मक्रूट या थाई लिंबाच्या पानांचा तीक्ष्ण वास त्याच्या मोहोरासारख्या वासाशी भांडत नाही. वांग्याचे छोटे गोळे अर्धकच्चे, करकरीत ठेवले होते, तेही योग्यच. बोंबील आणि हा भात या दोन पदार्थांत कोणीतरी तांदूळ, मासा, मसाला हाताळून, चाखून निर्णय घेतलेला दिसतो. डिमसम आणि सुशीत तो निर्णय दुसऱ्या रेस्टॉरंटच्या मेन्यूने घेतला होता. गोडात माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड, घातलेले तिरामिसू खाल्ले. माचाचा कडवटपणा क्रीममध्ये बुडाला होता, एवढेच सांगते.

पदार्थ येण्याच्या क्रमाबद्दल एक सांगितले पाहिजे. ‘सगळे वाटून खायचे आहे’ असे म्हटले की या रेस्टॉरंटांना जो पदार्थ आधी तयार होईल तो आधी आणण्याची मुभा मिळाल्यासारखी वाटते. दोन फुटी टेबलावर डिमसमची टोपली, रोल आणि रावस एकदमच आले, आणि रावस निवू नये म्हणून आम्हाला डिमसम घाईने संपवावे लागले. काउंटरवर असताना आम्ही एकेक मागवत होतो तेव्हा हा त्रास नव्हता. म्हणून एका वेळी दोनच पदार्थ सांगावेत आणि पुढचे ताटल्या उचलल्यावर.

बिलाकडे नीट लक्ष द्यावे. जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा, आणि परमिट रूमसाठी तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झालेला आहे. वयाचा पुरावाही जवळ असावा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर कॉकटेलांत जाणाऱ्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण लागतात, आणि आमच्या शेजारच्या तरुण मंडळींना तो दाखवावा लागला. आमचे खाणेपिणे करांआधी साडेनऊ हजारांचे झाले होते, त्यात तीन कॉकटेल मिळून ३१५० रुपये. त्यावर न विचारता १० टक्के सेवा शुल्क म्हणून ९५० रुपये लावलेले होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे मी शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता ते काढून टाकले. सुधारित बिल १०,१३३ रुपयांचे आले. ज्या मुलीने स्वयंपाकघरात जाऊन चौकशी केली होती तिच्या हातात आम्ही वेगळे पैसे दिले, बारटेंडरलाही दिले, आणि व्हॅलेटचे २०० रुपये बाहेर रोख मोजले.